पुणे–नागपूर: आकाशातून ६०५ किलोमीटर, रुळांवरून ८८१

लोहगावच्या विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर अंतर भरतं सुमारे ६०५ किलोमीटर. वेळापत्रकात विमानाला दीड तासाच्या आगेमागे वेळ दिलेला असतो. पुण्याहून नागपूरच्याच अजनी स्टेशनला जाणारी वंदे भारत ८८१ किलोमीटर धावते आणि बारा तास घेते. रात्रीच्या गाड्या त्याहून जास्त. एवढे आकडे समोर आले की वाटतं, यात ठरवायचं ते काय? विमानच!

माझं माहेर नागपूरला, प्रतापनगरात. घर कर्वेनगरला. अकरा वर्षांपासून पुण्यात नोकरी करते आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी नागपूरची वारी होते. विमान, रात्रीची रेल्वे, वंदे भारत, ट्रॅव्हल्सची स्लीपर आणि समृद्धीवरून स्वतःची गाडी, सगळं करून झालं आहे. दिवाळी जवळ आली की ऑफिसातली वऱ्हाडची, नागपूरची मुलं येऊन विचारतात, ‘ताई, कशानं जावं?’ त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे नीट लिहिते आहे. या अकरा वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: या प्रवासात किलोमीटर मोजू नका, विमानाचे तासही मोजू नका. घराच्या दारातून निघाल्यापासून घराच्या दारात पोचेपर्यंत तुम्ही किती तास जागे असता, ते मोजा. आणि तुमचं घर दोन्ही टोकांना नेमकं कुठे आहे, ते बघा.

दीड तासात काय काय येतं

प्रवासी विमानाचा वरचा वेग ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे असतो. त्या हिशेबाने ६०५ किलोमीटर पाऊण तासात व्हायला हवेत. पण वेळापत्रकातला दीड तास हा हवेतला वेळ नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर जाऊन थांबलं की बंद होतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, सुटण्याची वाट बघणं, वर चढताना आणि खाली उतरताना कमी असलेला वेग, उतरण्याआधी घेतलेला वळसा, हे सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय थोडा राखीव वेळही असतो. म्हणून वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमानसुद्धा पुष्कळदा नागपूरला वेळेवर टेकतं.

लोहगावचं आणखी एक आहे. तो मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि आपली नागरी विमानं तीच धावपट्टी वापरतात. दलाचा सराव सुरू असला की आपण आत पट्टा बांधून बसलेले असतो आणि विमान जागचं हलत नाही. नागपूरला एवढी दाटी मला कधी जाणवली नाही.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे पुण्याहून नागपूरला जाताना मागून ढकल मिळते आणि परत येताना तोच वारा समोरून येतो. फरक काही मिनिटांचाच असतो, पण जानेवारीत येता-जाता दोन्ही वेळा घड्याळ बघितलं तर कळतो.

खिडकीची जागा मिळाली तर नागपूरला जाताना डावी बाजू घ्या. सरळ रेघ धरली तर विमान अहिल्यानगरच्या दक्षिणेकडून निघतं, गोदावरी ओलांडतं आणि लोणारच्या साधारण पंधरा किलोमीटर दक्षिणेकडून पुढे वाशिमवर येतं. प्रत्यक्षात हवाई मार्ग रोज थोडा इकडे-तिकडे सरकतो, ढगही असतात. पण नोव्हेंबरातल्या एका स्वच्छ सकाळी मला लोणारचं सरोवर दिसलं होतं. तपकिरी पठारावर कुणी अंगठ्याने दाबून खळगा केल्यासारखं हिरवट, गोल. दहा-पंधरा सेकंद दिसलं असेल. मी शेजारच्या अनोळखी काकूंनाही हाताला धरून दाखवलं.

दारापासून दारापर्यंत

आता हिशेब मांडते. विमान संध्याकाळी सातचं आहे असं धरू. कर्वेनगरहून लोहगाव सतरा-अठरा किलोमीटर. संध्याकाळच्या वाहतुकीत डेक्कन, संगमवाडी, येरवडा करत जायला सव्वा तास धरावाच लागतो. मेट्रोने वनाजहून रामवाडीपर्यंत जाता येतं, पण विमानतळापर्यंत मेट्रो नाही. रामवाडीला उतरून पुढे रिक्षा किंवा कॅब. सामान कमी असेल तर मी हाच मार्ग घेते, कारण मेट्रोला येरवड्याचा चौक लागत नाही. सामान द्यायचं असेल तर काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड तास आधी पोचायचं. म्हणजे सव्वाचारला घर सोडायचं. साडेआठला नागपूर. बॅग येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. तिथून प्रतापनगर रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. सव्वानऊला मी आईच्या हातच्या वरणभातावर बसलेली असते.

एकूण पाच तास, पाचही तास जागेपणीचे आणि तुकड्या-तुकड्यांचे. रांग, तपासणी, पुन्हा रांग, बसणं, उठणं. या पाच तासांत पुस्तकाची पंधरा पानं सलग वाचून होत नाहीत.

हाच प्रवास विमाननगर-खराडीच्या माणसाला चार तासांत पडतो. हिंजवडीच्या माणसाला सहा तास लागतात, कारण हिंजवडीहून लोहगाव गाठणं हेच एक वेगळं काम आहे. तिकडे नागपूरला बेसा-मनीषनगरच्या लोकांना विमानतळ जवळ, पण कळमना-पारडीच्या लोकांना सगळं शहर ओलांडून जायचं असतं. एकाच विमानातल्या दोन प्रवाशांच्या वेळेत सहज तीन तासांचा फरक पडतो, आणि वेळापत्रकात दोघांनाही दीड तासच दिसत असतो.

आता रात्रीची गाडी. पाचला घर सोडलं, सहाच्या सुमारास गाडी सुटली, सकाळी नऊच्या सुमारास नागपूर, दहाच्या आत घर. पावणेसतरा तास. विमानाच्या तुलनेत बारा तास जास्त! पण या गाडीत रात्री दहा ते सकाळी सहा मी झोपलेली असते. ते आठ तास असेही झोपण्यातच गेले असते. उरतात पावणेनऊ तास जागेपणीचे. म्हणजे बारा तासांचा वाटणारा फरक प्रत्यक्षात पावणेचार तासांवर येतो. विमानाला दोन तास उशीर झाला, तर पावणेदोनवर. तिकिटाचा दर बघताना मी स्वतःला हाच प्रश्न विचारते: या पावणेचार तासांसाठी इतके जास्तीचे पैसे द्यायचे आहेत का? कधी उत्तर हो येतं, कधी नाही.

रूळ इतके लांबून का जातात

नकाशा बघा म्हणजे कळेल. विमान ईशान्येला तिरकं निघून जातं. रेल्वे मात्र पुण्याहून आधी पूर्वेला दौंडला जाते, तिथून उत्तरेला अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड, मग जळगाव-भुसावळ आणि तिथून पूर्वेला अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाऐवजी दोन बाजू चालून जावं, तसं. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात नेणं हा त्याचा मोठा उद्देश होता. दौंड-मनमाड जोडरस्ता नंतर आला. पुण्याहून नागपूरला सरळ जावं असा विचार त्या आखणीत कुणी केलाच नव्हता. मधल्या मराठवाड्यातून आणि वाशिमच्या पठारावरून सरळ पूर्वेकडे नेणारा लोहमार्ग आजही नाही. म्हणून ६०५चे ८८१ होतात, जवळजवळ दीडपट.

पूर्वी दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट तोंडाने निघायची. फलाटावर चहा प्यायला तेवढा वेळ मिळायचा. आता कॉर्ड लाइनमुळे, म्हणजे दौंड स्टेशनात न शिरता परस्पर वळणाऱ्या जोडमार्गामुळे, बऱ्याच गाड्यांचा तो वेळ वाचतो.

रात्रीच्या गाडीचा खरा गुण आईला घेऊन जाताना कळला. तिचे गुडघे दुखतात. विमानतळावर व्हीलचेअर मिळते, त्याचे पैसे लागत नाहीत, फक्त तिकीट काढतानाच किंवा दोन दिवस आधी सांगून ठेवावं. पण आईला ढकलत नेलेलं आवडत नाही. गाडीत पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना आणि ज्येष्ठांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ आपोआप मिळतो. ती पाय लांब करून झोपते, मधूनच उठून दोन पावलं चालते. पहाटे चार-साडेचारला शेगाव येतं. गजर लावलेला नसतो, पण गाडी शेगावात शिरताना आई उठून बसलेली असते. शाल नीट करून काचेकडे तोंड करते, हात जोडते, ओठ हलतात, ‘गण गण गणात बोते’, आणि गाडी हलली की पुन्हा आडवी होते. विमानाने नेलं तर म्हणते, ‘बरं होतं, पण शेगाव नाही लागलं.’

ज्येष्ठांची रेल्वे भाड्यातली सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, ती परत सुरू झालेली नाही. आई-वडिलांच्या तिकिटाचा अंदाज बांधताना जुन्या आठवणीवर जाऊ नका.

वंदे भारत ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झाली. सकाळी पुण्याहून निघून संध्याकाळी अजनीला पोचते. गाडी स्वच्छ आहे, वेगही चांगला आहे, शेगावला थांबते. पण बसून जायची गाडी आहे, आणि बाराही तास जागेपणीचे जातात. एक पूर्ण दिवस त्यात संपतो. शिवाय चेअर कारचं भाडं रात्रीच्या गाडीच्या थर्ड एसीपेक्षा जास्त पडतं. ज्यांना रात्रीच्या प्रवासात झोपच लागत नाही किंवा लहान मुलांना घेऊन दिवसाउजेडी जायचं आहे, त्यांच्यासाठी ही उत्तम. अकोला-जळगावच्या लोकांसाठी तर फारच सोयीची, कारण त्यांना बारा तास बसावं लागत नाही. पुणे ते नागपूर पूर्ण अंतरासाठी मी ती एकदा घेतली आणि पुन्हा रात्रीच्या गाडीवर आले.

समृद्धी

रस्त्याने पुणे–नागपूर सातशे किलोमीटरच्या थोडं वर पडतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला आणि आमच्या घरातल्या गप्पांचा विषयच बदलला. माझा भाऊ तेव्हापासून विमानाचं नाव घेत नाही.

पण पुणेकराला समृद्धी दारात मिळत नाही, ती छत्रपती संभाजीनगरला जाऊन गाठावी लागते. तिथपर्यंतचे २३५ किलोमीटर हीच खरी परीक्षा आहे. वाघोली, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांचे ट्रक, शिरूर, सुपा, मग अहिल्यानगर. पुढे घोडेगाव, नेवासे फाटा, वाळूज. सकाळी पाचला निघालात तर साडेचार तास, आठला निघालात तर सहासुद्धा. त्यानंतर सावंगीला समृद्धीवर चढलं की पुढचे चारशेहून जास्त किलोमीटर मोटारीला ताशी १२०ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पाच तासांत होतात. म्हणजे अंतराचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा वेळेचा जवळजवळ निम्मा हिस्सा खातो.

थांबे धरून अकरा-बारा तास होतात आणि चालवणाऱ्याला एक क्षणही डोळा मिटता येत नाही. समृद्धी सरळ आहे, एकसुरी आहे. मेहकरच्या पुढे दुपारी गाडी चालवताना डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. तेव्हापासून आम्ही दर दीड तासाला थांबतोच, आणि निघण्याआधी टायर आणि हवा तपासल्याशिवाय जात नाही. उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंटवर १२०च्या वेगाने जुना टायर टिकत नाही. टोल मोटारीला किलोमीटरला दोन रुपये सहा पैसे या दराने आकारतात. पुण्याहून जाणाऱ्याला एका बाजूचा साडेआठशे-नऊशेच्या घरात पडतो.

चौघं जण आणि डिकीभर सामान असेल तर गाडीला तोड नाही. विमानाची चार तिकिटं आणि इंधन-टोल यांची तुलना करून बघा, दिवाळीच्या आठवड्यात तर नक्कीच. एकट्याने मात्र गाडी घेऊन जाऊ नका.

ट्रॅव्हल्सबद्दल थोडक्यात सांगते. रात्रीची स्लीपर तेरा-चौदा तास घेते आणि हिंजवडी, वाकड, निगडीहून घराजवळून उचलते, हा तिचा मोठा फायदा. लोहगावला पोचायला ज्यांना दोन तास लागतात त्यांना ती सोयीची वाटते यात नवल नाही. पण १ जुलै २०२३च्या पहाटे नागपूरहून पुण्याला येणारी बस समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसं गेली, ते मी विसरू शकत नाही. त्यातल्या जागा आमच्यासारख्यांनीच धरल्या होत्या. आता बसने जायची वेळ आली तर चढल्याबरोबर संकटकाळी बाहेर पडायचं दार आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघते, आणि ते दार सामानाने अडवलेलं असेल तर चालकाला सामान हलवायला लावते. भाड्याचं म्हणाल, तर खासगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही असा राज्य सरकारचा २०१८चा निर्णय आहे. सणाच्या दिवसांत अव्वाच्या सव्वा मागितले तर परिवहन विभागाकडे तक्रार करा, गप्प बसू नका.

गाव नागपूरच्या अलीकडे असेल तर

आपण सगळे पुण्यात ‘नागपूरकडचे’ म्हणून एकाच टोपलीत टाकले जातो. पण विमानाचा निर्णय घेताना तुमचं गाव नागपूरच्या कुठल्या बाजूला आहे, याने सगळं बदलतं.

अकोल्याचा माणूस विमानाने नागपूरला उतरला तर त्याला अडीचशे किलोमीटर उलट मागे यावं लागतं. विमानाचे पाच तास आणि पुढचे चार, झाले नऊ. रेल्वेने पुण्याहून अकोला ६३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि रात्रीच्या गाडीने पहाटे उजाडता-उजाडता उतरता येतं. अकोला, शेगाव, मूर्तिजापूर यांनी विमानाचा विचारच करू नये. अमरावतीच्या लोकांना बडनेरा स्टेशन घरच्यासारखं आहे, तेव्हा त्यांनाही गाडीच बरी. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली, पण ती मुंबईसाठी.

वर्ध्याचं थोडं वेगळं आहे. नागपूर विमानतळ वर्धा रस्त्यावरच, म्हणजे शहरात न शिरता वर्ध्याकडे निघता येतं. पाऊण-एक तासात सेवाग्राम. घाई असेल तर वर्ध्याच्या लोकांना विमान परवडतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर ही गावं नागपूरच्या पलीकडे पडतात. तिथे रेल्वेने किंवा बसने पोचायला आधीच जास्त वेळ लागतो, त्यामुळे विमानाने वाचलेले तास खरोखर वाचतात. गोंदियाला मात्र पुण्याहून थेट महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. सावकाश जाते, पण गाडी बदलावी लागत नाही.

यवतमाळला ब्रॉडगेज अजून पोचलेली नाही, तेव्हा समृद्धीवरून कारंजाला उतरून दारव्ह्यामार्गे जाणं हाच सोयीचा मार्ग.

आणि वाशिम! पुण्याहून निघालेल्या विमानाची सरळ रेघ बरोबर वाशिमवरून जाते. डोक्यावरून विमान जातं, आणि त्यात बसायचं तर अडीचशे किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. माझी मैत्रीण वाशिमची आहे. ती म्हणते, रात्री गच्चीवर झोपलं की दिवा चमकत जाताना दिसतो, त्यात आपल्या ऑफिसातलं कुणीतरी असेल असं वाटतं.

सामान, तारखा आणि उशीर

विमानात देशांतर्गत साध्या तिकिटावर सहसा पंधरा किलो सामान आणि हातात सात किलो. रेल्वेत थर्ड एसीला माणशी चाळीस किलो. पहिल्यांदा पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलाची गादी, बादली, कुकर, पुस्तकं आणि आईने दिलेले डबे घेऊन विमानाने येऊ नका. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत तपासणीला अडवतात. ती सामानात द्या, तेही दोन पिशव्यांत घट्ट बांधून. सुकं खोबरं सामानातही चालत नाही, हे अनेकांना काउंटरवर गेल्यावर कळतं. संत्री चालतात. डिसेंबरात मी माहेराहून परतताना पाच किलो संत्र्यांची पेटी घेऊनच येते आणि घरात दोन दिवस तो वास राहतो.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४पासून हा नियम आहे, त्याआधी एकशेवीस दिवस होते. दिवाळीच्या तारखेतून साठ वजा करा आणि त्या दिवशी सकाळी आठला तयार बसा. विमानाचं तिकीट त्याही आधी काढता येतं आणि दिवाळीसाठी ते जितकं लवकर तितकं स्वस्त मिळतं. तारीख पक्की असेल तर जूनमध्येच बघून टाका. सणाच्या आठवड्यात ऐनवेळी विमान थर्ड एसीच्या चार-पाच पट जातं. उलट, फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी ते इतकं खाली येतं की गाडीचा विचार करावा असं वाटत नाही.

उशिराबद्दल माझा एक अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात शेवटच्या विमानाने नागपूरला निघाले होते. चाळीस मिनिटं उशीर, पुन्हा पन्नास मिनिटं, पुन्हा एक तास असं करत ते चार तासांनी सुटलं. फलकावर कारण लिहिलेलं नव्हतं. खूप विचारल्यावर कळलं की आमचं विमान सकाळी उत्तरेकडून यायचं होतं आणि तिकडे धुकं होतं. पुणे–नागपूरसारख्या छोट्या फेरीसाठी वेगळं विमान ठेवलेलं नसतं. तेच विमान दिवसभर चार-पाच शहरं फिरून आपल्याकडे येतं, आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. तेव्हापासून हिवाळ्यात मी दुपारच्या आतलं विमान घेते. अगदी पहाटेचंही टाळते, कारण डिसेंबर-जानेवारीत लोहगावलाच धुकं उतरतं. दहा-अकराचं सगळ्यात भरवशाचं वाटतं.

उशीर दोन तासांवर गेला तर खाण्यापिण्याची सोय विमान कंपनीने करायची असते. सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत मागता येतात. आणि पुरेशी आगाऊ सूचना न देता उड्डाण रद्द केलं, तर पुणे–नागपूरसारख्या एक ते दोन तासांच्या ब्लॉक टाइमच्या प्रवासाला साडेसात हजार रुपये किंवा मूळ भाडं आणि इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते भरपाई म्हणून मिळू शकतं. धुकं-वादळासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही. हे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे आहेत. काउंटरवर शांतपणे, नियमाचं नाव घेऊन बोललं की उत्तर मिळतं.

एक रात्र

इतका सगळा हिशेब मी मांडते खरी, पण एका ऑगस्टात तो करायला वेळ नव्हता. रात्री दीडला भावाचा फोन आला. बाबांना आयसीयूत घेतलं होतं. फोन कानाला लावूनच दुसऱ्या हाताने तिकीट शोधलं. सकाळच्या विमानात तीन जागा दिसत होत्या. भाडं किती होतं ते आजही आठवतं, पण तेव्हा ते बघून बोट थांबलं नाही. पहाटे रस्ते मोकळे होते, कर्वेनगरहून लोहगाव पस्तीस मिनिटांत. हातात एक झोळी, सामान द्यायचं नव्हतं. सकाळी साडेनऊच्या आत मी दवाखान्याच्या जिन्यात होते. त्या रात्री दुसरी कुठलीही गाडी मला दुपारच्या आत पोचवू शकली नसती. दुपारी बाबांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाले, ‘इतक्या लवकर कशी येऊन गेली वं?’

तेव्हापासून बँकेच्या खात्यात एका ऐनवेळच्या विमान तिकिटाचे पैसे मी वेगळे ठेवते. आई-वडील गावी आणि आपण पुण्यात असलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते. बाकी वर्षभर हवं तर रेल्वेने जा, पण तेवढे पैसे बाजूला असू द्या.

या दिवाळीचं आमचं ठरलं आहे. महिनाभर पुण्यात राहायला आलेल्या आईला घेऊन मी रात्रीच्या गाडीने जाणार, खालचा बर्थ मिळाला आहे. नवरा कामामुळे दोन दिवस उशिरा, सकाळी अकराच्या विमानाने येईल. तिकीट जूनमध्येच काढून ठेवलं. भाऊबीज झाली की भाऊच आम्हाला त्याच्या गाडीने समृद्धीवरून सोडायला येणार आहे. डिकीत संत्र्यांना जागा ठेव म्हणून त्याला सांगून ठेवलं आहे. यंदा दोन पेट्या.